बीबीए की बीकॉम? धंदाच करायचाय, तर फॉर्म कशाचा भरायचा?



बारावीचा निकाल लागला की माझ्या दुकानात वेगळीच गिऱ्हाइकं येतात. दुकान पॅकेजिंग मटेरियलचं आहे. बॉक्स, टेप, पाऊच, कुरिअरच्या पिशव्या. पण काउंटरच्या मागे भिंतीवर माझं बीबीएचं सर्टिफिकेट लावलेलं आहे, आणि ते बघून आई-बाप पाऊच घेता घेता मार्कशीट पुढे करतात. "दादा, पोराला धंद्यातच घालायचंय. मग बीबीए करू का साधं बीकॉम?"

त्यातलं "साधं" मला दर वेळी टोचतं. का टोचतं ते पुढे येईलच.

व्हिडिओमध्ये या विषयावर मी वीस मिनिटं बोललो, पण आकडेमोड बोलून समजत नाही, कागदावर मांडावी लागते. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. आमच्याकडून पाऊच नेणाऱ्या एक ताई आहेत. संगमनेरजवळच्या गावात मसाल्याचा घरगुती उद्योग. सुरुवातीला महिन्याला दोनशे पाऊच न्यायच्या, आता हजाराच्या घरात गेल्यात. एक दिवस मुलीला घेऊन आल्या. मुलगी बारावी कॉमर्स, चांगले मार्क, सीईटीही दिलेली. हातात दोन कागद होते. एकावर पुण्याच्या बीबीएचा खर्च, दुसऱ्यावर गावातल्या बीकॉमचा. मुलीला पुणं हवं होतं. ताईंना वाटत होतं की पोरीने शिकून हाच मसाला मोठा करावा, पण त्यासाठी सोनं मोडावं लागणार होतं. मोडू का नको, हा खरा प्रश्न होता. डिग्रीचं नाव नंतरचं.

आधी नावांचा गोंधळ मिटवू

बीकॉम ही जुनी पदवी. मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडे कॉमर्सचं कॉलेज ही चीज आहे. बीबीए म्हणजे बॅचलर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन. मुंबई विद्यापीठात त्याच धर्तीचा कोर्स बीएमएस नावाने आला. काही ठिकाणी बीबीएम म्हणतात. आतला माल बराचसा सारखाच, वरचं लेबल वेगळं.

एका लेबलपासून मात्र सावध राहा. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात तुम्हाला "बीबीए सीए" दिसेल. त्यातलं सीए म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. चार्टर्ड अकाउंटंटशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो कोर्स आधी बीसीए नावाने होता. "मुलगा बीबीए करता करता सीए पण होतोय" असं अभिमानाने सांगणारे वडील मी स्वतः भेटलोय. त्यांना खरं सांगायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही, चहा पाजून पाठवलं.

दुसरा बदल मोठा आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईच्या म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेखाली आले. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी सुरू झाली. पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली, आणि बऱ्याच मुलांना ती कळलीच नाही म्हणून जागा रिकाम्या राहिल्या आणि त्याच वर्षी पुन्हा एकदा घ्यावी लागली. ही परीक्षा निकालाच्या आसपास किंवा आधीच होते. म्हणजे "निकाल लागल्यावर बघू" म्हणणाऱ्याचं बीबीएचं दार अर्धं बंद झालेलं असतं. बीकॉमला अजूनही बारावीच्या मार्कांवर कॉलेजात प्रवेश मिळतो.

सीईटीत काय असतं? इंग्रजी, तर्कशक्ती, सामान्य ज्ञान, कॉम्प्युटरची तोंडओळख. हिशेबाचा एक प्रश्न नाही. यावरून कोर्सचा कल कुठे आहे याचा थोडा अंदाज येतो.

आणि गंमत बघा. सीईटी आल्यावर काही कॉलेजांनी नवीन मान्यतेच्या भानगडीत न पडता कोर्सचंच नाव बदललं. बीएमएसचं "बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज" झालं. वर्ग तोच, बाक तेच, बरेचसे विषय तेच. म्हणजे आज तुम्ही बीबीए आणि बीकॉम यातली निवड करताय असं वाटतं, तेव्हा कधीकधी तुम्ही एकाच मसाल्याची दोन पाकिटं हातात धरलेली असतात. पाकीट उलटं करून मागची यादी वाचा. विषयांची यादी. विद्यापीठाच्या वेबसाईटवर ती मिळते, आणि प्रवेश घेणाऱ्या शंभरातल्या पाच जणांनीही ती उघडलेली नसते, हा माझा दुकानावरचा अनुभव.

आत काय शिकवतात

बीकॉमचा कणा हिशेब आणि कायदा. फायनान्शियल अकाउंटिंग, कंपनी अकाउंट्स, कॉस्टिंग, ऑडिट, इन्कम टॅक्स, १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्री कायदा, शिवाय अर्थशास्त्र आणि बँकिंग. हे सगळं एकेका पेपरवर संपत नाही, तीन वर्षं पुन्हा पुन्हा येतं.

बीबीएचा कणा माणसं आणि बाजार. मॅनेजमेंटची तत्त्वं, मार्केटिंग, मनुष्यबळ, ऑर्गनायझेशनल बिहेवियर, बिझनेस कम्युनिकेशन, उद्योजकता, प्रोजेक्ट. अकाउंट्स आणि कॉस्टिंग यातही आहे, पण हात ओला होईल इतकंच. पोहायला शिकवत नाहीत.

यावर लोक म्हणतात, "मग धंद्याला बीबीएच बरं, त्यात उद्योजकता हा विषयच आहे." थांबा. पुणे विद्यापीठाच्या बीकॉमच्या जुन्या पॅटर्नमध्ये स्पेशल विषयांच्या यादीत बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन होतं, मार्केटिंग मॅनेजमेंट होतं आणि बिझनेस आंत्रप्रिनरशिपही होतं. पण मुलं काय घ्यायची? जो विषय शिकवायला सर उपलब्ध आहेत तो. आता नवीन शैक्षणिक धोरणात मेजर आणि मायनर अशी रचना आलीय, म्हणजे मुख्य विषयासोबत दुसरा छोटा विषय घेता येतो. कागदावर बीकॉमवाला मार्केटिंगकडे आणि बीबीएवाला हिशेबाकडे झुकू शकतो. प्रत्यक्षात तुमच्या कॉलेजात कोणते मायनर खरोखर चालतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तीन वर्षांनी पदवी दोन्हीकडे मिळते. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. धंदा करायचा असेल तर चौथ्या वर्षाची घाई मला तरी दिसत नाही.

एका मसाल्याच्या पाकिटावर दोन्ही कोर्स

त्या दिवशी मी मायलेकींना काउंटरवर बसवून हे मांडून दाखवलं. आकडे ताईंचेच, थोडे गोल केलेले.

दोनशे ग्रॅम काळा मसाला. कच्चा माल ६२ रुपये. पाऊच आणि लेबल ६. दळण, गॅस ७. दुकानापर्यंत पोहोचवायला ३. एकूण ७८ रुपये. किराणा दुकानदाराला १०० ला देतात. म्हणजे एका पाकिटामागे २२ रुपये सुटतात.

पण खोलीचं भाडं, लाईट बिल, मदतीला असलेल्या मावशींचा पगार हे पाकिटं विकली तरी आहे, नाही विकली तरी आहे. ते सगळं मिळून महिन्याला १६,५०० रुपये. आता भागाकार करा. १६,५०० भागिले २२ म्हणजे ७५० पाकिटं. महिन्याला साडेसातशे पाकिटं जाईपर्यंत ताई फक्त खर्च भरून काढतात. ७५१ व्या पाकिटापासून पहिला रुपया त्यांचा.

मग मी विचारलं, "ताई, नवीन दुकानदार दहा टक्के सूट मागतोय म्हणालात ना? सगळ्यांनाच द्यावी लागली तर?"

त्या म्हणाल्या, "दहाच रुपये तर आहेत दादा. माल जास्त खपेल."

सूट दिली की भाव ९०. खर्च ७८ तसाच. सुटतात १२. १६,५०० भागिले १२ म्हणजे १,३७५. भाव फक्त दहा टक्क्यांनी उतरला आणि खर्च निघायला लागणारी पाकिटं ७५० वरून १,३७५ वर गेली. जवळजवळ दुप्पट. मुलीने स्वतः कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. आईकडे बघितलं. काही बोलली नाही.

याला ब्रेक-इव्हन म्हणतात, मराठीत ना नफा ना तोटा बिंदू. बीकॉमला कॉस्टिंगमध्ये हे इतक्या वेळा सोडवून घेतात की झोपेत येतं. बीबीएलाही आहे, पण एक प्रकरण म्हणून.

पण इथे गोष्ट संपत नाही. हिशेबाने सांगितलं की सूट महाग पडते. मग सूट न देता माल कसा खपवायचा? कोणत्या दुकानात ठेवायचा? दोनशे ग्रॅमऐवजी पन्नास ग्रॅमचं पाकीट काढलं तर नवीन बाई एकदा वापरून बघेल का? लेबलवर गावाचं नाव मोठं लिहायचं की आजीचा फोटो? पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आपल्या भागातल्या लोकांना कुरिअरने पाठवला तर? हे प्रश्न बीबीएचे. बीकॉमच्या पुस्तकात त्यांची उत्तरं शोधू नका, तिथे प्रश्नच नाहीत.

माझी फजिती

मी पुण्यात बीबीए केलं, २००९ ते २०१२. २०१४ ला दुकान टाकलं. प्रोजेक्ट रिपोर्ट असा चकाचक होता की बँकेचे साहेब म्हणाले, स्वतः लिहिलाय का? स्वतःच लिहिला होता. स्पर्धक कोण, ताकद काय, कमजोरी काय, सगळं रंगीत तक्त्यांत.

आणि पहिले सहा महिने मी तोट्यात दुकान चालवलं, ते मला माहीतही नव्हतं.

झालं असं. मी ८० चा माल १०० ला विकत होतो. ८० वर २० म्हणजे पंचवीस टक्के. डोक्यात बसलं, आपला नफा पंचवीस टक्के. महिन्याची विक्री चार लाख. चार लाखांचे पंचवीस टक्के एक लाख. दुकानाचा खर्च, हप्ता, पगार धरून ९२,००० जात होते. म्हणजे आठ हजार उरतात, असं मी वहीत लिहायचो.

चूक दिसली का? खरेदीवर पंचवीस टक्के आहेत, पण विक्रीवर धरले तर १०० मागे २०, म्हणजे वीसच टक्के. चार लाखांवर एक लाख नाही, ८० हजार सुटत होते. आठ हजार नफा नाही, बारा हजार तोटा. सहा महिन्यांचे ७२,००० गेले, आणि मला वाटत होतं की उधारीमुळे गल्ल्यात पैसे दिसत नाहीत.

ही चूक एका दिवाणजींनी पकडली. बाजारपेठेत धान्याच्या आडतीवर चाळीस वर्षं वही लिहिलेला माणूस. शिक्षण जुनी मॅट्रिक. माझी वही पाच मिनिटं चाळली आणि म्हणाले, "मालक, तुम्ही नफा खरेदीवर मोजता आणि खर्च विक्रीवर. दोन वेगळ्या तराजूत." त्यानंतर सहा महिने रोज रात्री दुकान बंद झाल्यावर दोन तास त्यांच्यापुढे बसलो. खतावणी, तेरीज, मालसाठा सगळं हाताने. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा आमच्या गल्लीत रडारड होती. मी शांत होतो, ते त्या माणसामुळे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हे कॉलेजात शिकवलं होतं. पहिल्याच वर्षाला. त्या तासाला मी कॅन्टीनमध्ये होतो. त्यामुळे दोष बीबीएला देत नाही. पण बीकॉमला असतो तर असले तास इतके असतात की सगळे बुडवणं मलाही जमलं नसतं.

बीबीएने मला काय दिलं? तोंड दिलं. भिवंडीच्या मोठ्या कारखान्यात जाऊन, माझी ऑर्डर त्यांच्या मानाने किरकोळ असताना, तीस दिवसांची उधारी मागायची हिंमत दिली. इंग्रजीत मेल लिहिता येतो. वीस जणांसमोर उभं राहून बोलता येतं, ज्यावर आज माझं ट्रेनिंगचं काम चालतं. वर्गात दर आठवड्याला प्रेझेंटेशन होतं, तेव्हा शिव्या दिल्या, आज भाकरी त्यावर आहे. आणि मित्र. आमच्या वर्गातले निम्मे धंदेवाल्यांची पोरं होती. त्यातल्या एकाकडून मी आजही टेप घेतो.

म्हणून "साधं बीकॉम" टोचतं. साधं काही नसतं.

पैशाचा कागद

आता ताईंच्या हातातले दोन कागद. हे त्यांचे आकडे, तुमच्या कॉलेजचे वेगळे असतील, पण पद्धत हीच वापरा.

गावातलं बीकॉम, अनुदानित तुकडी. फी, पुस्तकं सगळं धरून वर्षाला १२,०००. तीन वर्षांचे ३६,०००.

पुण्यातलं बीबीए, विनाअनुदानित. फी वर्षाला ६०,०००, तीन वर्षांचे १,८०,०००. हॉस्टेल आणि मेस महिन्याला ९,०००, दहा महिने धरले तर वर्षाचे ९०,०००, तीन वर्षांचे २,७०,०००. एकूण साडेचार लाख.

फरक ४,१४,००० रुपये. ताई म्हणाल्या, "बघा, बीबीए केवढं महाग आहे."

मी म्हटलं, ताई, परत बघा. यातले २,७०,००० बीबीएचे नाहीत, पुण्याचे आहेत. पुण्यात बीकॉम केलं तरी ते लागतील. घरून जाऊन-येऊन होणाऱ्या कॉलेजात तेवढ्याच फीत बीबीए केलं तर लागणार नाहीत. कोर्सचा खरा फरक १,४४,०००. बाकी शहराचा. आता मुलीला विचारा, तिला बीबीए हवंय की पुणं हवंय?

मुलगी लाजली आणि खरं बोलली. "पुणं," म्हणाली.

त्यात चूक काही नाही बरं का. मोठ्या शहरात तीन वर्षं काढण्याला किंमत आहे. मी काढलीत. पण ज्याचे पैसे मोजतोय त्याला त्याच्या नावाने ओळखावं.

आणखी एक. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. तुमचा कोर्स आणि कॉलेज यात बसतं का, हे एजंटला विचारू नका. कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणारा क्लार्क असतो, त्याला विचारा, आणि महाडीबीटी पोर्टलवर स्वतः बघा. इतर शिष्यवृत्त्याही तिथेच आहेत. ताईंच्या बाबतीत सगळी फी माफ झाली असं धरलं तरी हॉस्टेल राहतंच. म्हणजे गावातल्या बीकॉमपेक्षा २,३४,००० जास्त. सोनं थोडं कमी मोडायचं, एवढंच.

काही जण म्हणतात, डिग्री असली की बँक धंद्याला कर्ज देते. मुद्रा कर्जाला डिग्रीची अट नाही. पीएमईजीपी योजनेत उत्पादनाचा प्रकल्प दहा लाखांच्या वर असेल तर अट आहे आठवी पासची. आठवी! तेव्हा कर्जासाठी म्हणून कोणती पदवी घ्यावी, हा हिशेब डोक्यातून काढून टाका.

मग कुणी काय घ्यावं

माझं मत स्पष्ट सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या.

घरचा धंदा आहे किंवा छोटं दुकान, घरगुती उत्पादन सुरू करायचंय, आणि संध्याकाळी धंद्यात हात घालणार आहात, तर बीकॉम. बऱ्याच कॉलेजात बीकॉमचे तास सकाळी संपतात. दुपारपासून तुम्ही गल्ल्यावर. मार्केटिंग गिऱ्हाईक शिकवतं, रोज शिकवतं, फुकट शिकवतं. हिशेब मात्र गिऱ्हाईक शिकवत नाही. तो तोट्यातून शिकावा लागतो आणि ती फी कॉलेजपेक्षा जास्त असते. माझी ७२,००० होती.

घरात धंद्याचं वातावरणच नाही, चारचौघांत बोलायला घाम फुटतो, इंग्रजीची भीती घालवायचीय, पुढे एमबीए करून आधी चार वर्षं नोकरी करायचीय, तर बीबीए. पण कॉलेज चांगलं असेल तरच. वाईट कॉलेजातलं बीकॉम निदान पुस्तकातून स्वतः वाचून काढता येतं. वाईट कॉलेजातलं बीबीए म्हणजे तीन वर्षं पीपीटी कॉपी करणं. हा फरक कुणी सांगत नाही. एमबीएच्या सीईटीला तसं कोणतीही पदवी चालते, बीकॉमसुद्धा, तेव्हा एमबीएसाठी बीबीए लागतंच असंही नाही.

सीए, सीएस डोक्यात असेल तर बीकॉम सोयीचं. पदवीनंतर थेट सीए इंटरमीडिएटला बसायचं तर कॉमर्सवाल्यांना ५५ टक्के लागतात, इतरांना ६०. आणि अभ्यास तोच असल्याने ओझं कमी होतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक गोष्ट नक्की तपासावी. बीकॉम बऱ्याच विद्यापीठांत मराठीतून लिहिता येतं. बीबीए जवळपास सगळीकडे इंग्रजीतच. इंग्रजीला घाबरून मागे हटा असं म्हणत नाही. पण पहिल्या वर्षी विषय आणि भाषा दोन्ही एकदम अंगावर येतात, याची तयारी ठेवा. माझ्या वर्गातली चार मुलं याच कारणाने पहिल्या वर्षी गळाली. त्यातला एक गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होता.

आणि जो आधीच दुकानात बसलाय, वय पंचवीस-तीस, त्याने रेग्युलर कॉलेजचा विचारच करू नये. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. तिथून बीकॉम करा, दुकान बंद न ठेवता.

कॉलेजात गेल्यावर काय विचारायचं

माहितीपत्रक बाजूला ठेवा. त्यातल्या फोटोतलं ऑडिटोरियम तुम्हाला रोज वापरायचं नाहीये. अकाउंट्स शिकवणारे सर कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हे विचारा. दर वर्षी सर बदलत असतील तर सावध. बीबीएला प्रवेश घेताना चालू वर्षाचं एआयसीटीईचं मान्यतापत्र दाखवा म्हणा. कोर्स कोणत्या विद्यापीठाचा आहे ते सर्टिफिकेटवर काय छापून येतं त्या शब्दांत विचारा, कारण "आमचा टाय-अप आहे" या वाक्यात बरंच काही लपतं. फीच्या पावतीवर काय काय आहे ते आधी लिहून घ्या. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, ॲड-ऑन सर्टिफिकेट, इंडस्ट्रियल व्हिजिट अशा नावांनी फी फुगते.

पण सगळ्यात कामाचा प्रश्न कॉलेजला नाही, गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला विचारायचा. "तिसऱ्या वर्षाची प्रोजेक्ट फाईल मिळेल का?" त्याने लगेच "मार्केटिंगची का फायनान्सची?" असं विचारलं, तर त्या कॉलेजातली इंटर्नशिप कशी होते ते तुम्हाला कळलं.

ताईंच्या मुलीने शेवटी गावातच बीकॉम घेतलं. सोनं मोडलं नाही. पुण्याला जायचं राहिलं म्हणून पहिले दोन महिने ती नाराज होती, हेही सांगितलं पाहिजे. आता सकाळी कॉलेज करते आणि दुपारी दोन तास माझ्या दुकानात टॅलीवर बिलं टाकायला बसते. पगार थोडा, पण खरी बिलं बघायला मिळतात.

मागच्या महिन्यात माझ्यासमोर एक बिल धरलं. "दादा, या बिलाला तुम्ही सीजीएसटी-एसजीएसटी लावलाय. पार्टी वापीची आहे, माल तिकडेच गेलाय. आयजीएसटी लागेल ना?"

बरोबर होतं. राज्याबाहेर माल गेला की आयजीएसटी. घाईत मीच बनवलेलं बिल. तसंच गेलं असतं तर चुकीच्या खात्यात कर भरला असता आणि पार्टीचा फोन आलाच असता. बिल रद्द करून नवीन काढलं. मी म्हटलं, आता पार्टीला फोन करून तूच सांग. तर तिचा आवाज इतका बारीक झाला की समोरचा तीनदा म्हणाला, "कौन बोल रहा है?"

म्हणून आता मंगळवार आणि शुक्रवार, उधारी वसुलीचे फोन तिच्याकडे दिलेत.